उठवत नाही त्या दिवशी मांजराकडे कोण बघणार?



"मन सारखं उदास असतं, घरात एकटं वाटतं. मांजर आणलं तर बरं वाटेल का?" गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की आजचा भाग त्यावरच करायचं ठरवलं. मी डॉक्टर नाही. नोएडात एकटी राहते, नैराश्यावर उपचार घेते, आणि त्याच काळात शेल्टरमधून एक मांजर दत्तक घेतलं. त्यामुळे जे वाचलं, जे विचारलं आणि जे अंगावर निभावलं, ते सांगते.

उत्तर आधीच देऊन टाकते. मांजर हे औषध नाही. औषध म्हणून आणलंत तर तुमचीही फसगत आणि त्या मुक्या जिवाचीही. पण नीट तयारी करून आणलंत, तर ते एक काम नक्की करतं. ते कोणतं, ते समजून घेऊ.

उदास वाटणं आणि नैराश्य

मी मूळची साताऱ्याची. नोकरीनिमित्त नोएडात आले आणि मग काम घरूनच सुरू झालं. दिल्लीचा नोव्हेंबर ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. हवेचा निर्देशांक चारशेच्या वर, खिडक्या बंद, दुपारी बारालाही सूर्य पिवळ्या बल्बसारखा. त्या वर्षी दिवाळी झाली, पाहुणे गेले, आणि मी हळूहळू आटत गेले. आधी अंघोळ टळायला लागली. मग भाजी आणणं बंद झालं. मग आईचा फोन वाजला की मी तो उलटा करून ठेवायला लागले. कामाच्या मीटिंगला कॅमेरा बंद, त्यामुळे कुणाला पत्ताही नाही.

मी त्याला "हवेमुळे असेल" म्हणत राहिले. इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. वाईट दिवस सगळ्यांनाच येतात. पण उदासी किंवा कशातच रस न वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज असेल, आणि त्याबरोबर झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडली असेल, तर ते नुसतं "मूड नाही" नसतं. ते तपासून घ्यायला हवं. मी डिसेंबरमध्ये एका सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत गेले. गोळ्या सुरू झाल्या, समुपदेशन सुरू झालं.

समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत एक वही दिली. म्हणाल्या, दिवसभरात काय केलंत ते तासातासाला लिहा. पुढच्या आठवड्यात वहीत एकच शब्द दहा वेळा होता: "पडून".

आधी कृती, मग मन

आपल्याला वाटतं, मन ठीक झालं की मी उठेन, फिरायला जाईन, स्वयंपाक करेन. नैराश्यात हा क्रम चालत नाही. माणूस काही करत नाही, म्हणून दिवसात आनंदाचे किंवा "जमलं बुवा" असं वाटण्याचे क्षण कमी होतात. ते कमी झाले की मन आणखी बसतं, आणि मन बसलं की माणूस आणखी कमी करतो. विहिरीच्या पायऱ्या उतरत जावं तसं. 1970च्या दशकात पीटर लेविनसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने या चक्राची मांडणी केली. त्यातून पुढे एक उपचारपद्धती तयार झाली. तिचं सूत्र साधं आहे: मनाची वाट बघू नका, छोटी कृती ठरवा, ती ठरल्या वेळी करा, मन मागून येईल.

आता यातला आपल्या जवळचा भाग. या पद्धतीची मोठी चाचणी आपल्या शेजारी, गोव्यात झाली. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने गोव्यातल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांबरोबर काम केलं. समुपदेशन करणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसं होती. सहा ते आठ भेटी, आणि भर कशावर? माणसाला पुन्हा रोजच्या कामांत, माणसांत आणण्यावर. 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आले. तीन महिन्यांनी, ज्यांना हे समुपदेशन मिळालं त्यांच्यापैकी 64 टक्के लोक नैराश्याच्या ठरवलेल्या पातळीखाली आले होते. ज्यांना फक्त नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्के होतं.

मी हे का सांगतेय? कारण मांजर नेमकं इथे उपयोगी पडतं. मांजर तुम्हाला आनंदी करत नाही. ते तुम्हाला सकाळी सातला उठवतं. त्याला खायला द्यावं लागतं, पाणी बदलावं लागतं, रेतीचा ट्रे साफ करावा लागतो. तीन छोट्या कृती, ठरल्या वेळी, रोज. वहीत "पडून"च्या जागी तीन वेगळे शब्द.

कुरवाळण्याचाही थोडा फायदा आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात 2019 साली 249 विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला. दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळणाऱ्या मुलांच्या लाळेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, इतरांपेक्षा कमी आढळलं. पण हे त्या वेळेपुरतं आणि ताणाबद्दल आहे. त्यावरून "मांजराने नैराश्य बरं होतं" असा निष्कर्ष काढता येत नाही.

शेल्टरमधला प्रश्न

मार्चमध्ये, गोळ्या अंगी लागल्यावर, मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "घ्या, पण अगदी वाईट दिवसांत ठरवू नका. दोन-तीन आठवडे बरे जाऊ देत, मग ठरवा." हा सल्ला मला फार मोलाचा वाटला.

साताऱ्याला आमच्या वाड्यात कायम मांजर असायचं. पण ते कुणी "आणलेलं" नसायचं. ते कौलावरून यायचं, माळ्यावर व्यायचं आणि उरायचं. म्हणून आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मांजरासाठी फॉर्म भरायचा? मांजर काय शाळेत घालतेयस?"

दिल्लीत प्राण्यांची शेल्टर बरीच आहेत. डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखाली 'फ्रेंडिकोज' आहे, 1979पासून. राजा गार्डनला संजय गांधी अॅनिमल केअर सेंटर आहे. शिवाय घरातच चार-पाच मांजरं सांभाळून त्यांना घरं शोधून देणारे कितीतरी लोक नोएडा-गुडगाव-गाझियाबादमध्ये आहेत. मी जिथे गेले, तिथे आधी फॉर्म होता, मग बोलणं. घर भाड्याचं का? बाल्कनीला जाळी आहे का? गावी गेलात तर? मी भराभर उत्तरं दिली. मग मी गोळ्या घेते हेही सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवलं होतं. तिथल्या ताई थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "दीदी, जिस दिन आपसे उठा नहीं जाएगा, उस दिन इसे कौन देखेगा?"

मला राग आला. वाटलं, ही मला नाकारतेय. घरी येताना मेट्रोत कळलं, की चार महिन्यांत इतका कामाचा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कारण तो दिवस येणार हे तिने गृहीत धरलं होतं, आणि तरी दार बंद केलं नव्हतं. फक्त उत्तर मागितलं होतं.

मी उत्तर शोधायला लागले. समोरच्या फ्लॅटमध्ये एक पंजाबी आंटी राहतात. दोन वर्षांत आमचं बोलणं "नमस्ते" आणि "लिफ्ट बंद है" यापुढे गेलं नव्हतं. त्यांची बेल वाजवायला मला तीन दिवस लागले. सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की कधीकधी माझी तब्येत बिघडते, त्या दिवशी मांजराला खायला घालाल का? त्या म्हणाल्या, "चाबी दे देना." झालं.

दुसऱ्या आठवड्यात ठमी घरी आली. वय अंदाजे तीन वर्षं, अंगावर राखाडी पट्टे, डाव्या डोळ्यात पांढरा डाग. पिल्लू मागितलं नाही, ते मुद्दाम. पिल्लू गोड असतं, पण रात्री दोनला पडद्यावर चढतं आणि दिवसातून तीन-चारदा खायला मागतं. त्यासाठी ताकद लागते, आणि आपल्याकडे तीच कमी असते. मोठ्या मांजराचा स्वभाव शेल्टरवाल्यांना माहीत असतो. शिवाय मोठ्या मांजरांना कुणी नेत नाही.

पहिले दिवस: प्रेमाची अपेक्षा ठेवू नका

मला वाटलं होतं, ती येऊन मांडीत बसेल. ठमी नऊ दिवस पलंगाखाली होती. आणि उदास मन याचा अर्थ कसा लावतं? "बघ, मांजरालाही तू नकोस." मी खरोखर रडले.

म्हणून यामागचं कारण समजून घ्या. मांजराला जागा बदलली की सगळ्या ओळखीच्या वासांचा नकाशा पुसला जातो. लपणं हा त्याचा धीर गोळा करण्याचा मार्ग आहे. नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या 19 मांजरांचा अभ्यास झाला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना लपायला खोकं दिलं होतं, ती पहिल्या काही दिवसांत इतरांपेक्षा लवकर सावरली. तेव्हा बाहेर ओढू नका. कुरिअरचा एक खोका आडवा ठेवा, आत जुना टॉवेल घाला आणि त्याच खोलीत आपलं काम करत बसा.

एक गोष्ट मात्र बघायची: खाणं. मांजर चोवीस तासांहून जास्त काहीच खात नसेल, तर पशुवैद्याला फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं. ठमी रात्री खायची. सकाळी वाटी रिकामी दिसली की माझ्या वहीत पहिली नोंद व्हायची: "खाल्लं." तिने.

आणि डोळ्यांची एक युक्ती. मांजराकडे टक लावून बघू नका. डोळे अर्धे मिटा, हळूच उघडा. ब्रिटनच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं, की माणसाने असं केलं तर मांजरंही तसाच प्रतिसाद देतात आणि जवळ यायची शक्यता वाढते. दहाव्या दिवशी ठमीने पलंगाखालून एक डोळा मिटला. डाग असलेला की नसलेला, ते अंधारात कळलं नाही.

घरात आधी काय करायचं

खाणं. आपल्याकडे मांजर म्हणजे दूध-पोळी. पण मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात. आणि मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर हृदय निकामी होतं, हे 1987 साली सिद्ध झालं. घरी शाकाहार असेल, तर मांजरांसाठीचं तयार खाद्य घ्या. त्यात टॉरिन असतं. तेही चालणार नसेल, तर मांजर आणू नका.

जाळी. एनसीआरमध्ये आपण पंधराव्या-विसाव्या मजल्यावर राहतो. मांजर पडत नाही, हा गैरसमज आहे. कबुतरामागे उडी मारताना ते पडतं. कबुतरांसाठी लावलेली पातळ नायलॉनची जाळी मांजर कुरतडू शकतं. मजबूत जाळी लावा, मगच मांजर आणा.

गोळ्या. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ताप आला, आपली गोळी दिली, असं चुकूनही करू नका. नैराश्यावरच्या गोळ्याही त्याला विषारी ठरू शकतात. गादीवर पाकीट टाकून झोपायची सवय असेल, तर ती सोडा. माझी सवय ठमीमुळे सुटली. गोळ्या आता डब्यात, डबा कपाटात, त्यामुळे मलाही घेतली की नाही ते नक्की कळतं.

लस आणि शस्त्रक्रिया. रेबीजची लस आणि मांजरांच्या नेहमीच्या आजारांची एकत्रित लस द्या. नसबंदी झाली आहे का ते विचारा. कागद मागून घ्या.

कायदा. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015च्या सूचना सांगतात. हे मंडळ आता इथेच, फरिदाबादच्या बल्लभगडला आहे. घरमालकाशी मात्र आधीच बोला आणि संमती लेखी घ्या. नोएडा प्राधिकरणाच्या धोरणात पाळीव कुत्र्यांबरोबर मांजरांचीही नोंदणी सांगितली आहे. ती करून टाका.

जानेवारी

आता ज्या दिवसाबद्दल त्या ताईंनी विचारलं होतं, तो दिवस.

पुढच्या जानेवारीत दाट धुकं पडलं. आठवडाभर सूर्य नाही. मला बरं वाटत होतं म्हणून मी दोन आठवडे गोळ्या मनानेच बंद केल्या होत्या. हे करू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच करू नका. एका सकाळी मी उठलेच नाही. सात वाजले, आठ वाजले. ठमी उशाशी येऊन बसली, ओरडली, मग पायथ्याशी गेली. मला सगळं ऐकू येत होतं आणि हात हलत नव्हता. अकरा वाजले. मनात आलं, हिला परत द्यायला हवं. मी हिच्या लायकीची नाही.

अशा वेळी "मांजरासाठी तरी उठ" असं म्हणणारे भेटतात. मी सांगते, त्या दिवशी मांजरासाठीसुद्धा उठता आलं नाही. आणि मांजर उपाशी आहे ही टोचणी उदास मनाला आणखी एक दगड बांधते. ज्याला कुणी मांजर "उपाय" म्हणून सुचवतं, त्याला हा धोका कुणी सांगत नाही.

मी उठले नाही. पण फोन उशाशी होता. आंटींना एक शब्द पाठवला: "आज." त्या किल्लीने दार उघडून आल्या. वाटी भरली, ट्रे साफ केला. मग माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चाय यहीं पिएगी या उधर आएगी?" मी म्हटलं, इथेच. दुसऱ्या दिवशी त्याच माझ्याबरोबर रिक्षात बसून ओपीडीत आल्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पुढचे दहा दिवस ठमीची सकाळ त्यांची आणि संध्याकाळ माझी.

मी शेल्टरच्या ताईंनाही फोन केला होता. परत देण्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, द्यायची वेळ आली तर जरूर द्या, रस्त्यावर सोडू नका, एवढंच. त्या फोननंतर माझी भीती बरीच कमी झाली. परत देणं हा गुन्हा नाही, हे कळलं की सांभाळणं सोपं जातं.

मग घ्यावं की नाही?

मी तीन प्रश्न सुचवते. एक, उपचार सुरू आहेत का? नसतील तर आधी ते. दोन, उठवत नाही त्या दिवशी कोण येईल, त्याचं नाव आणि किल्ली ठरली आहे का? तीन, पैसे आहेत का? खाद्य, रेती, लसी आणि अचानक उद्भवणारा दवाखान्याचा खर्च. तिन्हींना "हो" असेल तर घ्या. एकालाही "नाही" असेल, तर काही आठवड्यांसाठी मांजर सांभाळायला घ्या. घर शोधणाऱ्या मांजरांना तात्पुरतं ठेवून घेणारे लोक शेल्टरना नेहमीच हवे असतात. तेही जमत नसेल, तर शनिवारी तासभर शेल्टरमध्ये मदत करायला जा. कृती तीच, फक्त बेताची.

आणि आत्ता, हे वाचताना, जगणंच नको असं वाटत असेल, तर मांजराचा विचार बाजूला ठेवा. 14416 हा टेलिमानसचा क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येतं. दिल्लीत असाल तर दिलशाद गार्डनची 'इहबास' ही मनोविकारांचीच मोठी सरकारी संस्था आहे. गावी असाल तर जिल्हा रुग्णालयात विचारा.

ठमी आता पाच वर्षांची आहे. अजूनही मांडीत बसत नाही, पायाला पाठ लावून बसते. रोज सकाळी साडेदहाला ती समोरच्या दाराशी जाऊन ओरडते. आंटी दार उघडतात आणि मलाही हाक मारतात. माझी वही चालू आहे. आजच्या पानावर लिहिलंय: खाल्लं, पाणी, ट्रे, चहा.

पुढच्या भागात भेटू.